मुकुट घरीच घडू द्या

पिठोरी अमावास्येला बैलांचा पोळा फुटतो. आंब्याच्या पानांचे तोरण तुटते, झडत्यांचा गजर विरतो, बैलजोड्या दारोदारी ओवाळून घेतात आणि बोजारा पदरात बांधून गडीमाणसे घराकडे वळतात. त्याच सायंकाळी घरोघरच्या माता पिठोरीचे पूजन करतात, नैवेद्य मस्तकावरून मागे धरून ‘अतीत कोण?’ असे विचारतात, आणि पाठीशी उभे असलेले लेकरू ‘मी’ असे म्हणून तो प्रसाद हाती घेते. ती रात्र सरून भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा दिवस उजाडतो, तो या लेकरांचाच असतो. सकाळी काळी आणि पिवळी मारबत नगराची इडापिडा घेऊन निघून जातात. दुपार कलली की वस्त्यावस्त्यांतून, चौकाचौकांतून लाकडी बैलांची चाके खडखडू लागतात. हाच आपल्या नागपूरचा तान्हा पोळा.

या उत्सवाचे श्रेय परंपरेने दुसऱ्या रघुजीराजे भोसले यांना दिले जाते आणि त्याचा आरंभ १८०६ सालचा मानला जातो. त्याच्या तीनच वर्षे आधी, डिसेंबर १८०३ मध्ये, देवगावच्या तहाने याच राजाला कटक आणि वऱ्हाडाचा मोठा मुलूख गमवावा लागला होता. राज्याचा संकोच झालेल्या त्या काळात एका राजाने लेकरांच्या हाती लाकडाचे बैल द्यावेत, कृषिजीवनाचा जो आधार त्याच्याविषयीची कृतज्ञता त्यांच्या मनात खेळता खेळता रुजवावी, ही घटना मनाला स्पर्श करून जाते. खऱ्या बैलाला खांदेमळणी हवी, चारा हवा, गोठा हवा. लाकडी बैलाला एक दोरी पुरते. ज्याच्या घरी शेत नाही, गोठा नाही, त्याच्या लेकरालाही पोळ्यात स्थान मिळावे, हे या उत्सवाचे मर्म होय.

या मर्माचा आज एका ठिकाणी विसर पडत चालला आहे. लाकडी बैलांबरोबर आता बालकांची वेशभूषा हाही तान्ह्या पोळ्याचा एक ठरलेला भाग झाला आहे. कुणी बाळकृष्ण, कुणी श्रीराम, कुणी मारुतिराया, कुणी शिवराय, कुणी झाशीची राणी. ही प्रथा गोडच आहे. परंतु गेल्या काही वर्षांत ही वेशभूषा भाड्याने आणण्याचा प्रघात इतका वाढला आहे की, एकाच दुकानातले चार कृष्ण एका रांगेत उभे राहतात. चौघांचे मुकुट एकाच साच्यातले, त्यावरील खडे एकाच रंगाचे, आणि सायंकाळी ते परत करावयाचे असल्याने ‘हात लावू नकोस, तुटेल’ ही ताकीद चौघांनाही सारखीच. ज्या घराला हे भाडे परवडत नाही, त्या घरचे लेकरू बहुधा रांगेबाहेर राहते.

प्रस्तुत लेखकाला या विषयावर लिहिण्याचा अधिकार असेल, तर तो केवळ एका अपराधाच्या जाणिवेतून आलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका वस्तीतील तान्ह्या पोळ्यात परीक्षक म्हणून बसण्याचा योग आला. रांगेच्या अखेरीस साधारण सहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याच्या मस्तकावर पुठ्ठ्याचा मुकुट होता. नुकतीच पावसाची एक सर येऊन गेल्यामुळे त्याचा पिवळा रंग कपाळावर ओघळला होता आणि एका बाजूचे पान खाली लवले होते. बक्षीस अर्थातच झगमगत्या मुकुटाला गेले. त्या निर्णयावर माझीही सही आहे. कार्यक्रम आटोपल्यावर तो मुलगा आपल्या आजीला सांगत होता, ‘‘आजी, पुढच्या वर्षी आपण कागद जास्त लावू.’’ बक्षीस न मिळाल्याचे दुःख त्याच्या बोलण्यात नव्हते. होती ती पुढच्या वर्षीची तयारी. आम्ही तिघा परीक्षकांपैकी एकानेही त्याला ‘हा मुकुट कोणी केला?’ एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता. तो प्रश्न तेव्हापासून मनात सलत राहिला आहे.

दोन सोंगे

देवाचे सोंग घेणे ही गोष्ट आपल्या धर्मपरंपरेला नवी नाही. श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधातच अशी दोन सोंगे आढळतात आणि ती एकमेकांसमोर ठेवून पाहिली की, भाड्याच्या मुकुटाचा आणि घरच्या मुकुटाचा भेद सहज ध्यानी येतो.

पहिले सोंग गोपींचे. रासाच्या रात्री श्रीकृष्ण एकाएकी अंतर्धान पावले. वनात त्यांचा शोध घेता घेता गोपी इतक्या तन्मय झाल्या की, त्या कृष्णाच्याच लीला करू लागल्या. एक पूतना झाली, तर दुसरी तिचे स्तनपान करणारा कृष्ण. एक कालिया झाली, दुसरीने तिच्या मस्तकावर पाऊल ठेवले. एकीने आपले वस्त्रच वर उचलून धरले आणि ‘वाऱ्यापावसाला भिऊ नका’ असे म्हणत त्याचा गोवर्धन केला. एकीने दुसरीला फुलांच्या माळेने बांधले आणि उखळाला जखडलेल्या दामोदराची लीला उभी केली. अंगावरचे वस्त्र हाच पर्वत आणि गळ्यातली माळ हेच दावे! त्यांच्यापाशी दुसरे साहित्य नव्हते आणि त्याची त्यांना उणीवही भासली नाही.

दुसरे सोंग करूष देशाचा राजा पौंड्रक याचे. भोवतालच्या अजाण स्तुतिपाठकांनी ‘तूच खरा वासुदेव’ असे त्याला सांगितले आणि ते त्याला खरे वाटले. द्वारकेला दूत पाठवून त्याने श्रीकृष्णालाच आपली चिन्हे टाकून देण्याची आज्ञा केली. या ठिकाणी भागवतकार त्याला जी उपमा देतात ती लक्षात घेण्यासारखी आहे: मुलांनी खेळात राजा केलेल्या पोराची. पुढे युद्धभूमीवर तो आला तेव्हा शंख होता, चक्र होता, पीतांबर होता, गरुडध्वज होता, आणि मस्तकावर अमूल्य मुकुट होता. त्याच्या थाटात काहीच कमी नव्हते. रंगमंचावरील नटासारखे त्याचे ते ध्यान पाहून श्रीकृष्णांना हसू आवरले नाही.

गोपींच्या वस्त्राचा गोवर्धन भक्तांच्या स्मरणात राहिला आणि पौंड्रकाचा अमूल्य मुकुट उपहासाचा विषय झाला. मात्र भागवताची करुणा येथेच थांबत नाही. खोट्या वेषाने का होईना, पण अखंड हरिरूपाचेच चिंतन घडल्यामुळे पौंड्रकाचेही बंध तुटले आणि तो तन्मयतेस पोहोचला, असेही तेथे सांगितले आहे. म्हणजे सोंग घेणे हा दोष नव्हेच. मोल आहे ते चिंतनाला. आता आपणच विचार करावा की, दुकानातून अर्ध्या घटकेत उचलून आणलेल्या मुकुटाने लेकराच्या मनात चिंतन किती घडेल, आणि आठ दिवस आजीच्या मांडीशी बसून, ‘कृष्णाचे मोरपीस डावीकडे की उजवीकडे?’ असे विचारीत केलेल्या मुकुटाने किती घडेल!

कोणत्या देवाला कोणता मुकुट

मुकुट करावयाचा तर कोणता, हा पहिला प्रश्न. याचे उत्तर आपल्या शिल्पशास्त्राने दिले आहे. मानसार या ग्रंथात शिरोभूषणांचे प्रकार सांगताना ब्रह्मदेव आणि रुद्र यांना जटामुकुट, नारायणाला किरीट आणि इतर देवतांना करंडमुकुट असा विभाग केलेला आहे. गमतीची गोष्ट अशी की, हे तिन्ही प्रकार घरातल्या सामान्य वस्तूंतून साधतात.

किरीट म्हणजे उंच, वर किंचित निमुळता होत जाणारा मुकुट. गीतेच्या अकराव्या अध्यायात विश्वरूपाने भयभीत झालेला अर्जुन जे सौम्य रूप पुन्हा पाहू इच्छितो, ते किरीट आणि गदा धारण केलेले चतुर्भुज रूपच होय. आणि स्वतः अर्जुनाला किरीटी हे नाव मिळाले तेही इंद्राने त्याच्या मस्तकावर ठेवलेल्या तेजस्वी किरीटामुळे. हा किरीट पुठ्ठ्याच्या गुंडाळीतून उत्तम होतो. करंडमुकुट म्हणजे एकावर एक लहान होत जाणाऱ्या करंड्यांची उतरंड. बांगड्यांच्या गोल खोक्यांची झाकणे, डब्यांची पुठ्ठ्याची टोपणे एकावर एक चिकटवली की तो सिद्ध झाला. जटामुकुटाला तर पुठ्ठाही नको. जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्यांना पीळ देऊन, त्यांची वेटोळी मस्तकावर बांधून, पुढे पुठ्ठ्याची चंद्रकोर खोवली की बालशिव उभा राहतो. नंदिग्रामातला भरत आणि वनवासातले राम-लक्ष्मणही जटाधारीच होते, याचे स्मरण मुलांना याच निमित्ताने द्यावे. सोन्याचा मुकुट वडिलांच्या शब्दासाठी बाजूला ठेवणाऱ्या रामाचे सोंग घेताना जटाच अधिक शोभतात.

मुकुटाची उंची किती असावी? मूर्तिशास्त्रात मुखाची लांबी हे मूळ माप मानतात आणि त्यालाच ताल म्हणतात. घरच्या कामाला तेवढे सूत्र पुरे. लेकराच्या हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंतचे अंतर सुतळीने मोजावे आणि मुकुटाची उंची त्याहून अधिक करू नये. उंच मुकुट छायाचित्रात शोभतो, पण घटकाभरात मान अवघडवतो. सारा मुकुट वजनाने पाव किलोच्या आत राहिला पाहिजे.

गंजावरचा टोप

युद्धवेषातील अर्जुन, कर्ण किंवा एखादा मावळ्यांचा सरदार करावयाचा असेल तर मुकुटाऐवजी शिरस्त्राण, म्हणजे टोप, हवा. मराठीत टोप हा शब्द योद्ध्याच्या शिरस्त्राणालाही आहे आणि स्वयंपाकाच्या भांड्यालाही आहे. हा योगायोग आपल्या कामाचा आहे, कारण घरी टोप करण्याचा सर्वांत सोपा साचा म्हणजे आपला वैदर्भीय स्वयंपाकघरातला गोल बुडाचा गंज.

कामास आरंभ केव्हा करावा, हे पंचांगच सांगते. गोपाळकाला झाला की दुसऱ्याच दिवशी रद्दी भिजत घालावी. म्हणजे तान्ह्या पोळ्यापर्यंत सुमारे आठवडा हाती राहतो. हवा दमट असते, ऊन लपंडाव खेळत असते, म्हणून याहून उशीर करू नये. पहिल्या दिवशी सुतळीने लेकराच्या कपाळाभोवतीचे माप घ्यावे. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मस्तकाचा घेर साधारण एक्कावन्न-बावन्न सेंटीमीटर भरतो. अस्तरासाठी त्यात बोटभर अधिक धरावे आणि तेवढ्या घेराचा गंज निवडून पालथा घालावा. त्याला बाहेरून तेलाचा हात फिरवून नुसत्या पाण्यात भिजवलेल्या कागदाचा एक थर द्यावा. या थराला खळ लावू नये, म्हणजे पुढे टोप अलगद सुटून येतो.

खळ घरचीच करावी. मैदा पाण्यात कालवून मंद आंचेवर शिजवला की खळ होते. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून शिजवले तर ती अधिक चिवट होते. तीत चमचाभर मेथीची पूड अवश्य घालावी. आपल्या आज्या-पणज्या रद्दीच्या लगद्यात मेथी कुटून घालीत आणि त्या लगद्याच्या पाट्या-टोपल्या करीत. त्या वर्षानुवर्षे टिकत. मेथीने लगदा घट्ट धरतो आणि कीडही दूर राहते.

आता दोन बोटे रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या फाडाव्यात. कात्रीने कापू नयेत, कारण फाटलेली कड दुसऱ्या कागदात मिसळून जाते आणि सांधा दिसत नाही. एक थर वर्तमानपत्राचा आणि त्यावर दुसरा तपकिरी पुड्याच्या कागदाचा, अशा आलटून पालटून पट्ट्या चिकटवल्या की कोठे जागा सुटली ते रंगावरूनच कळते. एका वेळी दोनच थर द्यावेत, ते पुरते वाळू द्यावेत आणि मगच पुढचे दोन द्यावेत. उतावळेपणाने सहा थर एकदम दिले तर वरून कोरडा दिसणारा टोप आतून बुरसतो. असे सहा थर झाले की टोप गंजावरून उतरवावा, कडा कात्रीने सारख्या कराव्यात आणि सुती कापडाची पट्टी चिकटवून त्या बांधून घ्याव्यात. मानेमागचे झडप, कानांवरची पाने, कपाळावरचा शिरपेच, माथ्यावरचा तुरा हे सारे खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापून कापडाच्याच पट्ट्यांनी जोडावे.

नक्षीसाठी एक जुनी युक्ती आहे. टोपावर पेन्सिलीने वेलबुट्टी काढून त्या रेषांवर सुतळी चिकटवावी. ती वाळली की सर्वांवरून खळीने बेगड किंवा चहाच्या पुड्यातला चंदेरी कागद बसवावा आणि बोटाने हळूहळू दाबीत जावे. सुतळीची नक्षी ठसठशीत उमटून येते आणि पाहणाऱ्याला ठोकीव पत्र्याचाच भास होतो. रत्नांच्या जागी चिंचोके किंवा सीताफळाच्या बिया रंगवून लावाव्यात. धान्य मात्र या कामी खर्चू नये. काठाला जुन्या, विरलेल्या लुगड्याची जरीची किनार लावली तर तिच्या तोडीचे भूषण बाजारात मिळणार नाही. रंग देण्याआधी खडूच्या पुडीचा खळीतला एक हात द्यावा, त्यावर पिवडी किंवा गेरू द्यावा आणि अखेरीस तैलरंगाचा किंवा रोगणाचा पातळ थर द्यावा. हा शेवटचा थर विसरला गेला, म्हणूनच त्या बालकाच्या कपाळावर रंग ओघळला होता.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. आत टाचणी, तार किंवा पत्र्याची कड राहता कामा नये. मऊ सुती अस्तर लावावे. डोळे आणि कानांची छिद्रे झाकली जाऊ नयेत. हनुवटीखालची नाडी एका ओढीसरशी सुटेल अशी बांधावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औक्षण करताना निरांजन मुकुटापासून दूर ठेवावे, किंवा मुकुट उतरवूनच लेकराला ओवाळावे. कागद, खळ आणि बेगड यांना ज्योत लागायला क्षण पुरतो.

शंका आणि समाधान

येथे एखाद्या सश्रद्ध घरात शंका निघेल की, रद्दीचा आणि खोक्यांचा मुकुट देवाच्या सोंगाला घालावा हे उचित आहे काय? शंका प्रामाणिक आहे, म्हणून तिचे उत्तरही दिले पाहिजे.

तीनच दिवसांनी, चतुर्थीला, आपण ज्या गणरायाची प्राणप्रतिष्ठा करणार, ती मूर्ती मातीचीच असते. महालातल्या चितार ओळीत ही माती मळताना पाहणाऱ्या कोणाला तिच्यात न्यून वाटले नाही. एका सुपारीवर आपण गणपतीचे आवाहन करतो. विवाहात वराला विष्णुरूप मानून त्याच्या मस्तकी जे बाशिंग बांधत आलो, ते कागद, भेंड आणि बेगड यांचेच. उत्तरेकडील अनेक रामलीलांत आरंभी मुकुटपूजन होते. ज्या बालकांच्या मस्तकी तो मुकुट चढतो त्यांना ‘स्वरूप’ म्हणतात आणि वृद्धही त्यांना वंदन करतात. याच रामलीलेचा समावेश २००८ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात केला. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात देवांचे आणि दैत्यांचे मुखवटे कागदाच्या लगद्यातूनच घडतात, बंगालातल्या पुरुलियाजवळच्या चारिडा गावचे छाऊ नृत्याचे मुखवटेही कागद, माती आणि कापड यांचेच असतात. आणि तान्ह्या पोळ्याच्याच सकाळी ज्यांच्यापुढे सारे नागपूर लोटते, त्या मारबती तरी कशाच्या? बांबूच्या कामट्या, कागद आणि कापड. द्रव्य हीन नसते. ते कोणत्या भावाने हाती घेतले यावर त्याची योग्यता ठरते.

एवढा विवेक मात्र पाळावा. लग्नपत्रिकांचा सोनेरी पुठ्ठा या कामी फार उपयोगी पडतो, पण त्यावरील गजाननाचे चित्र कात्रीत सापडू देऊ नये. ते आधी अलग काढून ठेवावे. मुकुटासाठी घेतलेले कागद पायदळी तुडवले जाऊ नयेत. मुकुट मस्तकी चढवण्यापूर्वी आणि उतरवल्यावर लेकराने त्याला नमस्कार करावा, आणि तो मस्तकावर असेतो खाणे-पिणे, भांडण, अपशब्द वर्ज्य मानावेत. मुकुट उतरला की सोंग संपले, हेही त्याला प्रेमाने सांगावे. पौंड्रकाला नेमके तेवढेच कोणी सांगितले नव्हते.

दुसरी शंका व्यवहाराची. ‘आम्हा उभयतांना नोकरी आहे, एवढा वेळ कोठून आणावा?’ ही अडचण खरी आहे आणि ती हिणवण्यासारखी मुळीच नाही. परंतु या कामाला सलग वेळ लागतच नाही. दोन थर द्यायला रोज अर्धा तास पुरतो, उरलेले काम वारा आणि पंखा करतात. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांच्याइतके उत्तम गुरू दुसरे नाहीत. आणि नसतील तर शेजारच्या घरी असतील. १९८७-८८ साली दूरदर्शनवर रामायण मालिका चालू होती, तेव्हा गल्लोगल्ली पुठ्ठ्याचे मुकुट आणि काड्यांचे बाण दिसत. ते बहुतेक मुलांनी आपल्या हातांनी केले होते. मुले हे काम करू शकतात. आपण त्यांना खळीत हात बुडवू द्यावा, एवढेच.

तिसरी गोष्ट निसर्गाची. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोल यांच्या वस्तूंवर निर्बंध घातले, त्याला कारण होते. थर्माकोलचा मुकुट पोळ्यानंतर नाल्यात जातो आणि तेथेच राहतो. कागदाचा मुकुट वर्षभर देवघराजवळ उंच जागी ठेवावा; जीर्ण झाला तर बेगड, किनार आणि रंगाची पापुद्री सोलून काढावी, कागद पाण्यात भिजवावा आणि तो लगदा झाडाच्या आळ्यात पुरावा. तलावात टाकू नये. मातीतून आलेले मातीला मिळाले, म्हणजे विसर्जनाचा हेतू सफल झाला.

मंडळांना विनंती

आता एक विनंती तान्ह्या पोळ्याचे आयोजन करणाऱ्या मंडळांना, शाळांना आणि वस्तीतील ज्येष्ठांना. वेशभूषेची स्पर्धा बंद करा, असे मुळीच म्हणणे नाही. भाड्याचा वेष घालणाऱ्या लेकराला हिणवावे, असेही नाही; त्याचा त्यात काहीच दोष नसतो. परंतु बक्षीस कशाला द्यावयाचे, हे तर आपल्याच हाती आहे. लाकडी बैलांच्या बाबतीत आपण हे एकदा अनुभवले आहे. काहीशे रुपयांच्या बैलाशेजारी हजारो रुपयांचा बैल उभा राहू लागला आणि मोठ्या बैलाला मोठे बक्षीस मिळू लागले. तेव्हापासून लहान बैल ओढणारे लेकरू मागच्या रांगेत सरकले. राजाने ज्या उत्सवात गोठा नसलेल्यालाही स्थान दिले, त्यात आता गोठ्याऐवजी पैशाची अट शिरली. मुकुटाच्या बाबतीत तरी हे टाळता येईल.

उपाय साधे आहेत. घरी केलेल्या वेषांसाठी एक वेगळे आणि पहिले मानाचे बक्षीस ठेवावे. परीक्षकांनी प्रत्येक बालकाला दोन प्रश्न विचारावेत: ‘हा मुकुट कोणी केला?’ आणि ‘ज्यांचे रूप तू घेतले आहेस, त्यांची एक गोष्ट सांगशील का?’ गुण या दोन उत्तरांना द्यावेत. पावसाने रंग ओघळला असेल तर त्याचे गुण कापू नयेत. ज्या वस्तीत शक्य असेल तेथे गोपाळकाल्यानंतरच्या एखाद्या सायंकाळी मंदिराच्या ओट्यावर आज्यांना बसवावे, रद्दी आणि खळीचे पातेले मध्ये ठेवावे आणि सर्व मुलांचे मुकुट एकत्रच घडू द्यावेत. मग कोणाच्या घरी काय परवडते हा प्रश्नच उरणार नाही. आणि प्रत्येक सहभागी बालकाच्या हाती थोडा तरी बोजारा पडावा. रित्या हाताने कोणी परतू नये.

बेगड या शब्दावरून आपण बेगडी हे विशेषण केले आणि त्याला खोटेपणाचा अर्थ चिकटवला. पण आजीने चहाच्या पुड्यातून जपून ठेवलेला चंदेरी कागद नातवाच्या मुकुटावर बोटाने दाबून बसवला, तर त्यात खोटे काय आहे? आठ दिवसांच्या त्या कामात कृष्णाची, रामाची, मारुतीची किती नावे त्या घरात उच्चारली गेली असतील, त्याचा हिशेब कोणत्याही परीक्षकाच्या कागदावर मांडता येत नाही.

तो मुलगा आता मोठा झाला असेल. पुढल्या वर्षी त्याने कागद जास्त लावला की नाही, हे मला कळले नाही. परीक्षक म्हणून पुन्हा कधी बोलावणे आले तर या दोन प्रश्नांच्या अटीवरच ते स्वीकारीन, एवढा निश्चय मात्र मी केला आहे. आपणही या वर्षी काला झाला की रद्दी भिजत घाला. घरातला गंज पालथा घाला. आणि लेकराला शेजारी बसवून घ्या.